तीन खाचांची नळी

"हे बघा कोंगचे बाबा," शिडीच्या खालच्या पायरीवरून मान वर करून प्री म्हणाली, "पाहुणे दुपारपर्यंत येतील. चहाची नळी पुढच्या रांगेतली काढा. मागच्या रांगेला हात लावायचा नाही."

"मला शिकवतेस?"

"शिकवत नाही, बजावते आहे."

"जन्म गेला माझा या चुलीपुढे."

"तेच म्हणते मी. धुराने डोळे गेलेत तुमचे." एवढं बोलून प्रीने टोपली पाठीवर घेतली, तिचा पट्टा कपाळावर ओढला आणि भावाच्या गावची वाट धरली.

प्री म्हणजे सातवी. सिंगफो घरात मुलगी कितवी आली यावर तिचं नाव ठरतं. पहिली कोंग, दुसरी लू, तिसरी रोई, असं करत सातवी प्री. नावावरून घरात भांडण होत नाही आणि कुणाला डोकंही खाजवावं लागत नाही. प्रीच्या माहेरी तिच्यावर सहा बहिणी होत्या. लहानपणी तिला एक वाक्य कुणी पुरं करू दिलं नाही, आणि ती सगळी राहिलेली वाक्यं ती लग्नापासून आपल्यावर पुरी करते आहे, असं तिच्या नवऱ्याचं, नोंगचं, पक्कं मत होतं. अर्थात हे मत त्याने कधी मोठ्याने मांडलं नव्हतं.

नोंग तसा गावातला मानाचा माणूस. त्याच्या हातचा चहा लेंगतोंग गावातच काय, तिराप नदीच्या दोन्ही काठांना नावाजलेला. कोवळी पानं खुडायची, लोखंडी कढईत परतायची, हातावर मळून उन्हात सुकवायची आणि मग ओल्या बांबूच्या नळीत दांडक्याने ठासून ठासून भरायची. नळीचं तोंड पानाने बंद केलं की ती जाते चुलीवर टांगलेल्या मांडणीत. तिथे धूर खात पडायचं, दुसरं काम नाही. जितका धूर, तितकी चव. नळ्या काळ्या पडतात, चकाकतात, आणि काही वर्षांनी सगळ्या एका आईची लेकरं असल्यासारख्या सारख्याच दिसतात. पण नोंग म्हणायचा, "मला डोळे कशाला हवेत? माझ्या बोटांना प्रत्येक नळी नावाने ठाऊक आहे."

मागच्या रांगेत एक नळी होती, तिच्यासाठी प्रीने बजावलं होतं. नोंगच्या आजोबांपासून या घराची एक रीत होती. मुलगी जन्मली की तिच्या नावाने एक नळी भरायची, बुडाशी ती कितवी तेवढ्या खाचा पाडायच्या आणि नळी मांडणीवर ठेवून द्यायची. ती उघडायची थेट त्या मुलीला मागणी घालायला मंडळी येतील तेव्हा. पहिला पेला मुलाच्या हातात. त्याने तो पिऊन स्वतःच्या तोंडाने दुसरा मागितला, की लग्न ठरलं. नाही मागितला, तर जेवून खाऊन मंडळी आपल्या वाटेने जातात, कुणी कुणाला वाईट बोलत नाही. यजमानाने मात्र दुसरा पेला आपणहून पुढे करायचा नाही. मुलगी गळ्यात मारल्यासारखं दिसतं ते.

कोंगची एका खाचेची नळी केव्हाच फुटली, लूची दोन खाचांचीही. राहिली होती रोईची, तीन खाचांची. रोई आता तिशीला टेकली होती. तिला स्थळं आली नाहीत असं नव्हे. चांगली तीन आली. पण पहिला मुलगा फार हसतो म्हणून नोंगला आवडला नाही, दुसरा अजिबात हसत नाही म्हणून आवडला नाही, आणि तिसरा जेवणानंतर बसल्या जागी घोरला. तिन्ही वेळा नोंगने पाहुण्यांना पुढच्या रांगेतला चहा पाजून वाटेला लावलं आणि रोईची नळी मांडणीवर आणखी एक वीत मागे सरकवली. प्रीने हे पाहिलं होतं. रोईनेही पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं ते फक्त नोंगने, म्हणजे स्वतःचा हात काय करतो आहे ते त्याने बघायचंच टाळलं होतं.

खरी गोष्ट एवढीच होती, की रोई गेली तर सकाळी चुलीपलीकडे कोण बसणार, हा प्रश्न त्याला सोसत नव्हता. पाहुण्यांना जंगलात फिरवून आणणारी ती, हुलू माकडांची कुटुंबं ओळखणारी ती, आणि बापाचं चहापुराण दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकून घेणारीही तीच. प्री ऐकून घेणाऱ्यांपैकी नव्हती.

दुपारी ओंगची जीप बांधावरून धडधडत आली. ओंग वैलुंग हा फाके लोकांच्या गावचा. दिब्रुगढहून पाहुणे आणायचे, जंगल दाखवायचं, परत सोडायचं, हा त्याचा धंदा. माणूस कामसू, बोलायला कमी. आता या भागात पाहुण्यांना ठेवून घेणारी घरं बरीच झाली होती, काहींकडे तर न्हाणीघरात फरशीसुद्धा होती. पण ओंग आपले पाहुणे घेऊन यायचा तो नोंगकडेच. का, तर आपल्या चहासाठी, हे नोंगने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याला ओंग त्यामुळे आवडत असे.

या खेपेला कोलकात्याचे सान्यालबाबू आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या बौदी, वहिनी, आल्या होत्या. बाबूंच्या गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी. बौदींनी जळवांच्या भीतीने मोज्यांवर मोजे चढवले होते आणि मिठाची पुरचुंडी हातातून सोडली नव्हती. शिडी चढून वर येईपर्यंत त्यांनी तीन वेळा पाय झटकून पाहिले.

"बौदी, घरात जळवा नसतात," रोई म्हणाली.

"तुला काय माहीत? त्या विचारून येतात का?"

"पाहुणे विचारून येतात, जळवा नाही. पण बाबांच्या चुलीचा धूर बघून त्या खालच्या खालीच परत जातात. या, बसा."

नोंगला पाहुण्यांपुढे रंगात यायला वेळ लागत नसे. त्याने चुलीत लाकूड सारलं, उभा राहिला आणि मांडणीकडे हात करून म्हणाला, "बाबू, आधी हे बघा. आठवड्यापूर्वी इथे कोण येऊन गेलं माहितीये?"

"कोण?"

"थोरल्या." हत्तीला त्या गावात कुणी हत्ती म्हणत नसे. "लेकराला घेऊन आल्या होत्या. पाठीला खाज सुटली असावी. आमच्या घराच्या खांबाला अंग घासलं दोनदा. घर असं डोललं, असं डोललं की मांडणीवरच्या झाडून सगळ्या नळ्या खाली आल्या! आम्ही इथे, नळ्या तिथे, आणि ही आमची रोई थोरल्यांना म्हणते, 'आजी, पुरे आता, घर जुनं आहे.' आणि गेल्या की निमूट!"

"काय सांगता!" बौदींनी पाय पोटाशी घेतले.

"मग नळ्या हिनेच उचलून जागच्या जागी लावल्या. पण अंधारातसुद्धा मला सांगता येईल कुठली कुठे ते." असं म्हणत नोंगने छताकडे बघत, मांडणीकडे न बघता, पुढच्या रांगेतली एक नळी ऐटीत उचलली. "बोटांना कळतं!"

बोलण्याच्या नादात त्याने दाव, आपला लांब कोयता, घेऊन सपासप बांबू तासला. आतून चहाची काळीभोर कांडी निघाली, दगडासारखी घट्ट. तिची एक चकती त्याने कापली, उकळत्या पाण्यात टाकली, आणि घरभर असा वास सुटला, की त्याने भांड्यावर वाकून तो पुन्हा हुंगला. 'यंदा हात चांगलाच बसलाय,' त्याला वाटलं. पाण्याचा रंगही गडद मधासारखा आला होता.

पेले भरले. वयाने मोठे म्हणून पहिला सान्यालबाबूंना, दुसरा बौदींना. तिसरा रोईने उचलला आणि दोन्ही हातांनी ओंगच्या हातात दिला.

बाबूंनी घोट घेतला. त्यांचे डोळे थोडे मोठे झाले. "अपूर्व," ते म्हणाले. ते सभ्य गृहस्थ होते. नोंग पाठमोरा होऊन चुलीतलं लाकूड नीट करतो आहे असं पाहून त्यांनी पेला हळूच तिरपा केला. बांबूच्या जमिनीला फटी असतातच. घराखाली बांधलेल्या डुकराने आनंदाने हुंकार दिला. बौदींनी विचारलं, "जरा दूध-साखर मिळेल का हो?" मग नोंगचा चेहरा बघून त्या घाईने "नको नको, असंच छान आहे" म्हणाल्या आणि आपला पेला नवऱ्याकडे सरकवला. थोड्या वेळाने डुक्कर पुन्हा हुंकारलं.

ओंगने मात्र एक घोट घेतला, थांबला, मग उरलेला सगळा पेला डोळे मिटून संपवला.

"काका, अजून एक मिळेल?"

"एक? दहा घे!" नोंग खूश झाला. चवीचा माणूस भेटला की त्याला आभाळ ठेंगणं व्हायचं. ओंगने असे तीन पेले मागून घेतले, नोंगने ते हसत हसत भरले. रोई कोपऱ्यात बसून पालेभाजी निवडत होती. तिने निवडलेली पानं टाकून दिली आणि देठं टोपलीत ठेवली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

जेवण झाल्यावर रोई पाहुण्यांना घेऊन नदीकडे गेली, ओंग जीपकडे गेला. नोंग उरलेली कांडी परत ठेवायला म्हणून नळीचं बूड पुसत होता. अंगठा कुठेतरी अडखळला. त्याने काजळी खरवडली. एक खाच. आणखी खरवडली. दुसरी. तिसरी खरवडायचं त्याच्याने धाडस होईना, पण अंगठा आपोआप पुढे गेला.

तिसरी होती. रोईच्या जन्माच्या दिवशी याच हातांनी भरलेली नळी. बाहेर पाऊस होता, आत बाळ रडत होतं, आणि तो दांडक्याने पानं ठासत होता, प्री आतून ओरडली होती, "हळू ठोका, मूल घाबरतंय!" तो चहा त्याने आज दुधाची आठवण काढणाऱ्या पाहुण्यांना पाजला होता. तेही दुपारच्या वेळी, काही कारण नसताना, बढाया मारत!

आता काय करायचं, तर लपवायचं. दुसरं काही त्याला सुचलं नाही. तो धावत जाऊन एक ताजा बांबू तोडून घेऊन आला, उरलेली कांडी त्यात सरकवली, वर साधी सुकी पानं ठासली, बुडाशी दावाने तीन खाचा पाडल्या. पण नळी हिरवीगार! मग त्याने चुलीच्या वरची काजळी ओंजळीने काढून तिला फासायला सुरुवात केली. थोडी तेलात कालवून फासली. थोडी नाकाला लागली, थोडी टकलाला, आणि घाम पुसता पुसता उरलेली गालांना.

नेमकी तेव्हाच शिडी वाजली. प्री दारात येऊन उभी राहिली. तिने आधी एक खोल श्वास घेतला, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"कुठली उघडली?" तिने विचारलं.

"कुठली म्हणजे? पुढच्या रांगेतली. तू सांगितलीस तीच."

"कोंगचे बाबा, बांधावर होते तेव्हाच वास आला मला. कोंगच्या वेळी आला होता, लूच्या वेळी आला होता. आणि तुमचं तोंड बघा. अस्वलसुद्धा लाजेल."

नोंगने ती काळी-हिरवी नळी पाठीमागे लपवली. मग त्याला उमगलं की आपण लहान पोरासारखे उभे आहोत, आणि त्याने ती पुढे धरली. "चूक झाली," तो म्हणाला. "थोरल्यांनी सगळं पाडलं, नळ्या इकडच्या तिकडे झाल्या. माझी बोटं... बोलत होतो ना मी."

"तुमची बोटं नेहमी तोंडात अडकतात." प्रीने टोपली उतरवली. ती ओरडेल असं नोंगला वाटलं होतं, पण ती चुलीपाशी बसली आणि तिने शांतपणे विचारलं, "पहिला पेला कुणी प्यायला?"

"बाबूंनी." नोंग थांबला. मघाचे हुंकार त्याच्या आता ध्यानात आले. "म्हणजे, बाबूंना दिला. पण प्यायलं बहुतेक... खालच्याने."

"खालचा कोण?"

नोंगने बोटाने जमिनीकडे दाखवलं. प्रीने फटीतून खाली वाकून पाहिलं. डुकराने वर पाहिलं. मग ती अशी हसायला लागली की तिला पदराने डोळे पुसावे लागले. "चांगला जावई शोधलात! तीन स्थळं नाकारून हा पसंत पडला. हा हसत नाही, घोरतो मात्र खूप. हुंडा म्हणून काय मागतोय, कोंडा?"

"प्री, रोईची नळी गेली आणि तू थट्टा करतेस."

"बरं, मग माणसांपैकी कोण प्यायलं?"

"ओंग."

प्रीचं हसू थांबलं. "दुसरा मागितला त्याने?"

"दुसरा, तिसरा, चौथा..." नोंग बोलता बोलता हळू झाला.

दारात रोई उभी होती. पाहुण्यांना नदीवर पक्षी दाखवत बसवून ती एकटीच परत आली होती. तिने बापाचं काळं तोंड पाहिलं, आईचे ओले डोळे पाहिले, आणि आत येऊन दोघांच्या मध्ये बसली.

"बाबा, बोटांची चूक नव्हती," ती म्हणाली. "थोरल्या येऊन गेल्यावर नळ्या मी लावल्या ना? माझी मी पुढे, तुमच्या हाताशी ठेवली. आज कोण येणार ते मला ठाऊक होतं."

"तू?"

"ओंगने मला विचारलं होतं, गेल्या वर्षीच. मी म्हटलं, बाबांना विचार. तो बिचारा तीनदा तुमच्यासमोर येऊन बसला. तुम्ही तीनदा त्याला जीपचे टायर दाखवायला लावलेत. मी दोनदा विषय काढला, तर तुम्ही थोरल्यांच्या गोष्टी सुरू केल्यात."

"तोंडाने सांगायचंस ना सरळ!"

"सरळ सांगितलं की तुम्ही नळी मागे सरकवता."

नोंगने नवी नळी मांडीवर ठेवली आणि तिची काजळी उगाच बोटाने पुसत राहिला. मग तो म्हणाला, आणि हे त्याने याआधी कुणाला सांगितलं नव्हतं, "मला तू जायला नको आहेस, रोई. मुलगा कुठलाही आणला असता तरी मला तो नकोच होता. फार हसणारा काही वाईट नव्हता गं."

"ठाऊक आहे," रोई म्हणाली. "पण पाहुणे इथेच येणार ना बाबा? जंगल काही ओंग जीपमध्ये भरून नेणार नाही. मी येत राहीन."

"येणं वेगळं आणि असणं वेगळं," नोंग म्हणाला.

प्रीने चुलीत लाकूड पुढे सारलं. "हे बघा," ती म्हणाली, "ओंग चार पेले प्यायला, पण त्याला रीत माहीत नव्हती. माहीत नसताना मागितलेला पेला धरायचा नाही. नाहीतर डुकराचाही हक्क लागेल. अर्धी नळी आहे अजून. उद्या सकाळी नीट बसून, सगळ्यांसमोर. तो मागेल तर मागेल. त्याला रीत समजावून सांगायची ती बापाने. आणि कोंगचे बाबा, आधी तोंड धुऊन या."

सकाळी जंगल हुलूंच्या हाकांनी दुमदुमत होतं. ओंग जीपची काच पुसत होता. नोंग त्याच्यापाशी गेला आणि घसा साफ करून त्याने घराची रीत सांगितली, सगळी, खाचांपासून दुसऱ्या पेल्यापर्यंत. ओंगच्या हातातलं फडकं खाली पडलं. काल आपण काय मागत होतो हे कळून त्याचे कान लाल झाले.

"काका, मी आज मागितला तर..."

"थांब," नोंग म्हणाला. आणि मग, बोलायचं असं काही ठरलेलं नसताना, त्याने पुढे जोडलं, "अजून एक आहे. मुलीच्या बापाचा पेला रिकामा झाल्याशिवाय मागायचं नाही. आधी मागितलंस तर अपमान होतो."

अशी काही रीत नव्हती. आजोबांची नव्हती, बापाची नव्हती. नोंगने ती तिथेच, जीपच्या चाकापाशी उभ्या उभ्या जन्माला घातली होती. ओंगने मात्र ती मान हलवून मनात पक्की केली.

सगळे चुलीभोवती बसले. सान्यालबाबू आणि बौदींना प्रीने कारण सांगितलं होतं. बाबूंना काल जमिनीच्या फटीत आपण काय ओतलं ते कळल्यावर ते इतके खजील झाले होते, की आज चहा दिला तर तळापर्यंत पिईन असं त्यांनी बायकोजवळ शपथेवर सांगितलं होतं. बौदींनी मिठाची पुरचुंडीसुद्धा आज बाजूला ठेवली होती.

प्रीने चकती कापली. नोंगने पेले भरले. पहिला ओंगला. ओंगने तो दोन्ही हातांनी घेतला, प्यायला आणि रिकामा पेला समोर ठेवला. बाबूंनीही डोळे मिटून आपला संपवला. मग सगळे ओंगकडे बघू लागले, आणि ओंग बघू लागला नोंगच्या पेल्याकडे.

नोंगने एक छोटासा घोट घेतला. पेला खाली ठेवला. लाकूड सारलं. पुन्हा चिमणीएवढा घोट घेतला. जंगलातल्या हाका विरळ होऊ लागल्या. बाबू दुर्बिणीशी चाळा करत होते. प्रीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा ओंगच्या चेहऱ्याकडे, आणि काय चाललंय ते तिला बरोबर समजलं. ती तोंड उघडणार होती, तेवढ्यात रोईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

रोई चुलीपलीकडे, तिच्या नेहमीच्या जागी, बापाच्या पेल्याकडे बघत बसली होती. नोंगने वर पाहिलं आणि त्याला ती नजर ओळखीची वाटली. ती लहान असताना इथेच बसायची, हनुवटी गुडघ्यांवर टेकून. पोरांना कडक चहाचा अख्खा पेला द्यायचा नसतो, म्हणून ती बापाचा पेला संपायची वाट बघायची. नोंग रोज शेवटचा घोट तिच्यासाठी ठेवायचा. कधी चुकून तो पिऊन टाकला तर ती दिवसभर त्याच्याशी बोलायची नाही.

त्याने पेल्यात पाहिलं. एक घोट उरला होता.

हात लांब करून त्याने पेला चुलीवरून पलीकडे दिला. रोईने तो घेतला. तिच्या ओठांवर थोडं हसू आलं आणि लगेच डोळे भरले. तिने शेवटचा घोट घेतला आणि पेला सगळ्यांना दिसेल असा पालथा करून ठेवला.

"काका," ओंगने रिकामा पेला पुढे केला, "अजून एक पेला मिळेल?"

बौदींनी टाळी वाजवली. प्रीने पदर डोळ्यांना लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला म्हणायला वाक्य सापडलं नाही. नोंगने भांडं उचललं. त्याने ओंगचा पेला सावकाश, काठोकाठ भरला. खाली डुक्कर तोंड वर करून वाट बघत उभं होतं; त्याला त्या सकाळी एक थेंबही मिळाला नाही.